डोळे आले त्या वर्षीची परिषद

मोरेश्वरभाऊ, भांडण अर्ध्यावर टाकून उठून जायची तुमची सवय जुनीच. चहा संपला की तुम्ही "बघू, रुकय्याबाय, पुढच्या खेपेला" म्हणायचात आणि चपला सरकवून चालते व्हायचात. मी धुमसत बसायची. पण पुढची खेप येणार, एवढं तरी ठरलेलं असायचं. या वेळी तीही सोय ठेवली नाहीत.

मी तुर्भ्याच्या दवाखान्यात पेशंट तपासत होते. शेजारच्या कारखान्यात तुमच्या पुतण्याचा फोन आला आणि वॉचमन निरोप घेऊन धावत आला. दिवाळे गावचे कोळीसाहेब गेले. सकाळी धक्क्यावर होड्या लागत होत्या, तिथे कुणाशी तरी बोलता बोलता खाली बसले, ते उठलेच नाहीत. खरं सांगते, रडू नंतर आलं. आधी राग आला. किती वर्षं सांगत होते, प्रेशरच्या गोळ्या चुकवू नका, सुकी मासळी कमी करा. तुम्ही मान डोलवायचात आणि घरी जाऊन सुकटीची चटणी खायचात. माझं एक ऐकलंत असं मला आठवत नाही. ज्या एका दिवशी ऐकावं लागलं, त्याचा बोल तुम्ही मला शेवटपर्यंत लावलात.

आपण दोघंही खाडीकाठचे. मी उरणची, तुम्ही दिवाळ्याचे. खाडीच्या त्या बाजूने मुंबईचे साहेब येऊन इथे नवं शहर आखू लागले, तेव्हा त्यांच्या ऑफिसात खुर्चीवर बसणारे गावातले पहिले तुम्ही. जनसंपर्क अधिकारी. गाववाले म्हणायचे, मोरू साहेबांचा झाला. साहेब म्हणायचे, कोळी शेवटी गावाचाच. मी त्याच ऑफिसची डॉक्टर, एका खोलीचा दवाखाना आणि समोर रिकामा बाक. मुसलमान बाई, तीही सरकारच्या बाजूची, तिच्याकडून सुई कोण टोचून घेणार? पहिल्या आठवड्यात तुम्ही तुमच्या आईला घेऊन आलात. हिराबाय टोपली बाहेर ठेवून आत आली, माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "उरनची हायस? मग आमचीच झालीस की." दुसऱ्या दिवशी बाक भरला. त्याचे आभार मी कधी मानले नाहीत. तुम्हीही तशी संधी दिली नाहीत, कारण त्याच दिवशी आपण दवाखान्याच्या पाण्याच्या टाकीवरून भांडलो.

मग ती परिषद आली. नव्या शहरांविषयी जगभरातले शिकलेले लोक बोलणार, आणि ते बोलणार आपल्या बेलापुरात, नव्याकोऱ्या सभागृहात. यजमानपणाची धावपळ तुमच्यावर. तुम्हाला तर पंखच फुटले. कुठल्या पाहुण्याला काय चालतं, कुठल्या दोन देशांचे लोक शेजारी बसवायचे नाहीत, मुंबईच्या हॉटेलातून पूल ओलांडून बस किती वाजता निघायची, यापलीकडे तुम्ही बोलायला तयार नव्हतात. मी म्हटलं, "तुर्भ्याच्या वस्तीत नळ नाही आणि सभागृहापुढे कारंजं उडतंय. पाहुण्यांना कुठलं दाखवणार?"

"दोन्ही दाखवू," तुम्ही म्हणालात. "जग दारात येतंय, बाय. परत कधी येईल?"

नव्या शहरासाठी जमिनी जाणार म्हणून गावांत तेव्हा आग धुमसत होती. मोजणीदार आले की बायका शेताच्या बांधावर आडव्या बसायच्या. पोरांना पोलीस उचलून न्यायचे. दिवाळ्यात तर मासळी सुकवायच्या जागेवरच रस्त्याच्या खुणांचे दगड पडले होते. परिषदेच्या सकाळी पाहुण्यांच्या बसगाड्या काळे झेंडे दाखवून अडवायच्या, असं सगळ्या गावांनी ठरवलं होतं. मंत्री येणार, परदेशी येणार, अशी वेळ पुन्हा मिळणार नव्हती.

तुम्ही गावकीच्या बैठकीला गेलात. तिथे तुम्हाला काय काय ऐकून घ्यावं लागलं, ते तुम्ही सांगितलं नाहीत, हिराबायने सांगितलं. कुणी म्हणालं, विकला गेलास. कुणी तुमच्या बापाचं नाव काढलं. तरी तुम्ही बसून राहिलात आणि शेवटी तोड काढलीत. झेंडे खाली ठेवा, गावातलं एक माणूस सभागृहात जाईल, जगासमोर उभं राहून गावाचं म्हणणं मांडेल. कोण जाईल यावर पुन्हा वाद. पुरुष उभा राहिला तर घोषणा देईल आणि पोलीस त्याला बाहेर काढतील. म्हणून गावाने बाई निवडली. तुमची आय.

तिची तयारी मी बघितली आहे. मासळी विकून परतताना दवाखान्यात टेकायची आणि माझ्यासमोर बोलून दाखवायची. "आमी भीक नाय मागत. आमची मासली सुकवायची जागा आमाला ठेवा. रस्ता वाकडा न्या. रस्त्याला काय, तो वाकडा बी जातो. मासली सुकवायला ऊन आनि वारा दोनी लागतात, ते काय बिल्डिंगमदी गावनार हाय?" एवढंच. रोज तेवढंच. मी म्हणायची, "अजून थोडं बोल." ती म्हणायची, "अजून काय हाय?"

आणि त्याच सुमारास डोळे आले.

आज सांगितलं तर लोक हसतील, डोळे येणं ही काय साथ म्हणायची! पण त्या वर्षी ती देशोदेशी फिरत होती. गणपती उठले आणि आपल्याकडे घराघरात माणसं लाल डोळ्यांनी भिंतीकडे तोंड करून बसली. बसचे ड्रायव्हर येईनात, शाळा ओस पडल्या, फुटपाथवर काळे चष्मे भाजीसारखे विकायला आले. माझ्या बाकावर जागा पुरेना. बिघडलेले डोळे, चिकटलेल्या पापण्या, रडणारी पोरं. औषधाचे थेंब संपले, तेव्हा उकळून गार केलेल्या पाण्यावर भागवलं. सगळ्यांना ओरडून सांगत होते, डोळ्यांत बघून हा रोग होत नाही, हाताने होतो, टॉवेलने होतो, हात धुवा. लोक माझ्याकडे न बघता ऐकायचे.

परदेशातून तारा यायला लागल्या. कुणी येत नाही म्हणालं, कुणी विचारलं, परिषद पुढे ढकलणार का. मी तर उघड म्हणत होते, ढकला. तुम्ही म्हणायचात, "पुढे ढकलली की दिल्लीला जाईल. दिल्लीत हिराबायला कोण उभं करतंय?" मग मी जास्तच जोरात बोलायची.

मग मोठ्या साहेबांनी दोघांनाही केबिनमध्ये बोलावलं. त्या माणसाचं नाव इथे घेत नाही. निवृत्त होऊन सुखात आहेत. साहेबांनी चहा मागवला, तेव्हाच मला संशय आला.

"डॉक्टर, गावांमध्ये साथ जोरात आहे ना?"

"सगळीकडेच आहे, सर."

"गावांचं विचारतोय. तुम्ही एवढं लिहून द्या की साथीमुळे आसपासच्या गावातल्या लोकांना सभागृहात प्रवेश देणं योग्य नाही. पाहुण्यांच्या तब्येतीचा प्रश्न आहे."

मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही टेबलाच्या काचेकडे बघत होतात. हिराबायचं नाव तुमच्या ओठांवर असणार. 

"सर, ही साथ गावाचं नाव विचारून येत नाही," मी म्हटलं. "तुमच्या या मजल्यावर पाच जणांचे डोळे लाल आहेत. लिहायचंच असेल तर असं लिहीन, की दारात प्रत्येकाचे डोळे तपासले जातील. ज्याचे लाल, तो बाहेर. मग तो मंत्री असो, नाहीतर मासळीवाली."

साहेब हसले. त्यांना वाटलं, बाई बोलतेय ते बोलू दे. पण त्या संध्याकाळी एका परदेशी पाहुण्यांच्या वकिलातीतून विचारणा आली की तुम्ही काय खबरदारी घेताय, आणि साहेबांना सांगायला माझ्या त्या तपासणीशिवाय दुसरं काही नव्हतं. माझा नियम असा पास झाला.

जिन्यात तुम्ही मला गाठलंत. म्हणालात, "बरं केलंत. आईचे डोळे स्वच्छ हायत." साहेबांसमोर गिळलेली बोली तुम्हाला जिन्यात सापडली. मी चिडले. "आत का नाही बोललात?" तुम्ही म्हणालात, "आत बोलून काय झालं असतं?" भाऊ, हेच ते. आयुष्यभर तुम्ही जिन्यात बोललात.

परिषदेच्या सकाळी मी सभागृहाच्या दारात टॉर्च घेऊन उभी राहिले. नर्स शेजारी, साबण, पाण्याची बादली. पाहुणे बसमधून उतरले, रांगेत आले, कुणी हसत, कुणी नाक मुरडत. मी चष्मे काढायला लावत होते. एका वृद्ध परदेशी प्राध्यापकांना परत पाठवलं, त्यांनी नमस्कार केला आणि गेले. आपल्या ऑफिसातले दोन इंजिनियर परत गेले. मंत्रीमहोदय आलेच नाहीत. त्यांचेही डोळे आले होते, असं मागून कळलं. रस्त्यापलीकडे गाववाले उभे होते. झेंडे गुंडाळलेले, शब्द पाळून.

मग तुम्ही आलात. नवा सफारी, कोटाच्या खिशाला बिल्ला, आणि डोळ्यांवर काळा चष्मा.

"चष्मा काढा, भाऊ."

"रुकय्याबाय, रात्रीपासून जरा चुरचुरतंय. धूळ गेली असेल."

"काढा."

तुम्ही काढलात. टॉर्चची गरजच नव्हती. दोन्ही डोळे रक्तासारखे.

"मी स्टेजजवळ जाणार नाही," तुम्ही हळू आवाजात म्हणालात. "मागे कोपऱ्यात उभा राहतो. कुणाला हात लावत नाही. आजचा दिवस सोडा."

"मघाशी प्रोफेसरांना परत पाठवलंय मी. ते बघतायत बसच्या खिडकीतून. तुम्हाला सोडलं तर साहेब म्हणतील, चला, नियम संपला. आणि पुढच्या मिनिटाला तुमच्याच गावाला दार बंद."

रांग तुंबली होती. तुमच्या मागे हिराबाय उभी होती. हिरवं नऊवारी, अंबाड्यात अबोली, हात साबणाने धुतलेले. तिने आमच्या दोघांकडे बघितलं. "जा रे मोरू घरी," ती म्हणाली, "डोले फुटायचे." तुम्ही बिल्ला काढलात, खिशात टाकलात आणि वळून चालू लागलात. एकदाही मागे बघितलं नाहीत. मी हिराबायच्या डोळ्यांत टॉर्च मारला. पांढरेशुभ्र. ती आत गेली.

इथे आपली फारकत होते, भाऊ. इथपर्यंतची गोष्ट आपण दोघं एकसारखी सांगायचो. पुढची कधीच नाही.

मी दारातच होते. पेशंट पण तिथेच येत होते. दुपारी आत डोकावले तर हिराबाय शेवटच्या रांगेत ताठ बसलेली, पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेला. स्टेजवर कुणीतरी नकाशावर काठी फिरवत इंग्रजीत बोलत होतं. मला वाटलं, हिची वेळ यायची असेल. संध्याकाळी सगळे बाहेर पडले, तशी तीही आली. मी विचारलं, "कसं झालं? बोललीस?"

"कोनी बोलवलाच नाय," ती म्हणाली. "माझं नाव काय ते घेतील म्हनून बसले व्हते. जेवन चांगला व्हता. मासली मात्र शिली."

रस्त्यापलीकडच्या लोकांना हे कळलं आणि गुंडाळलेले झेंडे सुटले. दुसऱ्या दिवशी बसगाड्या अडल्या, लाठ्या चालल्या. पाहुण्यांनी काचेतून बघितलं. माझ्या बाकावर त्या दिवशी लाल डोळ्यांची माणसं नव्हती, फुटलेल्या डोक्यांची होती. एकेकाला टाके घालताना मला तुमचा राग येत होता, आणि तुम्ही घरी अंधाऱ्या खोलीत डोळ्यांवर ओला कपडा ठेवून माझ्यावर रागावला होतात.

तुमचं म्हणणं: त्या दिवशी मला आत सोडलं असतं, तर मी अध्यक्षांच्या कानात सांगून आईला पुकारलं असतं. तो नियम बरोबर होता, बाय, पण त्या दिवशी, त्या दारात, माझ्यासाठी नाही. तुम्ही एका माणसाला अडवलंत आणि सगळ्या गावाचं तोंड बंद केलंत.

माझं म्हणणं: मला कुठे माहीत होतं की तिचं नाव घेणं फक्त तुमच्या जिभेवर टांगलंय? मी दारात, तुम्ही माझ्यासमोर. एक वाक्य बोलायचं होतं, "आईला स्टेजवर न्या." मी स्वतः नेलं असतं, माईक हिसकावून दिला असता. पण तुम्ही वळून चालते झालात. नियम मोडत नाही म्हणून माझ्यावर रुसलात आणि काम अर्धवट टाकलंत.

एवढीच दोन वाक्यं. तीच आपण वर्षानुवर्षं बोललो, चहाचे कप बदलले, दवाखाना मोठ्या जागेत गेला, तुमचे केस पांढरे झाले. नंतर साहेबांनी तुमची बदली गोदामांकडे केली, शिक्षाच ती. तरी तुम्ही महिन्यातून एकदा यायचात, प्रेशर तपासायच्या निमित्ताने, आणि तिथूनच सुरुवात करायचात. माझ्या नवऱ्याने एकदा विचारलं, "हा माणूस तुला बोल लावायला येतो आणि तू त्याला बिर्याणी खाऊ घालतेस?" त्यांना काय सांगणार? माझे अब्बा गेले त्या दिवशी वादळामुळे लाँच बंद होती, रस्ता पाण्याखाली. तेव्हा तुम्ही दिवाळ्यातून होडी काढलीत, भावाला वल्ह्यावर बसवलंत आणि मला उरणच्या बाजूला उतरवलंत. दफनाच्या आधी मला अब्बांचा चेहरा बघायला मिळाला तो तुमच्यामुळे. होडी अर्ध्यावर येईपर्यंत तुम्ही पाणी उपसत होतात. मग म्हणालात, "आज भांडत नाही." मी ओढणीत तोंड घालून रडता रडता हसले होते.

आणि आता तुमची ती शेवटची खेप. जाण्याआधीच्या महिन्यातली. प्रेशर भयंकर वाढलेलं. मी ओरडत होते, आणि तुम्ही सहज बोलावं तसं म्हणालात, "त्या दिवशी मी घरी गेलो ना, शेजारच्या दुकानातून साहेबांना फोन केला होता. म्हटलं, आई आत बसलीये, तेवढं तिचं नाव घ्या. बघतो म्हणाले."

मी प्रेशरचा पट्टा सोडवला. "म्हणजे साहेबांना माहीत होतं?"

"होतं."

"ती समोर बसली होती दिवसभर. त्यांना दिसत होती."

"दिसत असेल."

"मग इतकी वर्षं तुम्ही माझ्याशी काय भांडताय? त्या माणसाच्या खाली पुढे किती वर्षं नोकरी केलीत, त्याला एका शब्दाने विचारलं नाहीत!"

तुम्ही बाही खाली केलीत. बटण लावत म्हणालात, "तुमच्याशी भांडता येत होतं, रुकय्याबाय." आणि उठलात. "बघू, पुढच्या खेपेला."

मी उत्तर तयार ठेवलं होतं, भाऊ. रोज घासूनपुसून ठेवत होते. कधी वाटायचं, तुमची कॉलर धरून हलवावं. इतक्या वर्षांचा राग चुकीच्या पत्त्यावर टाकत आलात आणि तो मी अंगावर घेत आले, वर बिर्याणीही घातली. कधी वाटायचं, त्या केबिनमध्ये ज्याला तोंड उघडता येत नव्हतं, त्याला माझ्या दवाखान्यात तरी ओरडता आलं, हेही काही कमी नाही. दोन्ही वाटतं. आजही दोन्हीच वाटतं. कुठलं सांगणार होते ते मला ठाऊक नाही, आणि विचारायला तुम्ही नाही. याचाच मला सर्वांत जास्त संताप येतो.

तुमच्या तेराव्यापर्यंत मी दिवाळ्याला जात होते. हिराबाय रडत नव्हती. अंगणात जाळ्यावर बसून यायच्या-जायच्यांना पाणी द्यायला सांगत होती. एके दिवशी मला म्हणाली, "सुनावनी हाय. सुकवायच्या जागेची. मोरू जानार व्हता. आता तू चल."

सुनावणी ऑफिसची, आणि मी त्याच ऑफिसची नोकर. मी म्हटलं, "मी कशी येणार, हिराबाय?"

"पायानी," ती म्हणाली.

काल गेलो. लहानशी खोली, वर पंखा, टेबलामागे एक तरुण अधिकारी, चांगला वाटला. हिराबाय तेच बोलली जे मी अनेकदा ऐकलं होतं, एक शब्द इकडे नाही की तिकडे नाही. ऊन, वारा, वाकडा रस्ता. तो मुलगा मध्ये एकदा "मुद्द्यावर या, आजी" म्हणाला, तेव्हा ती थांबली, त्याच्याकडे बघितलं आणि पहिल्यापासून पुन्हा सुरू झाली. दुसऱ्यांदा त्याने अडवलं नाही. जागा मिळेल की नाही, मला सांगता येणार नाही. रस्ता अर्धा झालेला आहे. आशा लावावी असं मी तुम्हाला खोटं लिहिणार नाही.

बोलणं संपल्यावर त्याने पेन उचललं आणि विचारलं, "नाव?"

ती म्हणाली, "दिवाले." मग म्हणाली, "मोरेश्वरची आय." तुमचं नाव घेतल्यावर तिचा आवाज पहिल्यांदा बसला.

त्याने पेन कागदावर टेकवून ठेवलं. मग तिचं नाव मी सांगितलं, मोठ्याने.